तळटीप: भुयारी रेल्वेतील खून आणि श्रेयाचा हिशेब

न्यूयॉर्कमधील गुन्हेगारी आटोक्यात आणल्याचे सारे श्रेय लेखकाने येथे महापौर रुडी जुलियानी यांना दिले आहे. कालक्रम पाहता ते टिकत नाही. २ सप्टेंबर १९९० रोजी अमेरिकन ओपन टेनिस पाहायला बाहेरगावाहून आलेल्या एका कुटुंबाला मॅनहॅटनमधील भुयारी रेल्वेच्या फलाटावर तरुणांच्या टोळीने लुटले आणि आईच्या मदतीला धावलेल्या मुलाला भोसकून मारले. त्या वर्षी शहरात २,२०० हून अधिक खून झाले होते आणि मृतांत बहुसंख्य कृष्णवर्णीय व लॅटिनो होते. राजकारण ढवळून निघाले ते मात्र एका पाहुण्याच्या मृत्यूने. वृत्तपत्रांनी तत्कालीन महापौर डेव्हिड डिंकिन्स यांना धारेवर धरले. १९९१च्या आरंभी, वाढीव करांतून हजारो पोलीस भरण्याच्या त्यांच्या योजनेला राज्य विधिमंडळाने मंजुरी दिली. १९९३मध्ये खुनांचा आकडा दोन हजारांखाली होता, तरी डिंकिन्स निवडणूक जुलियानी यांच्याकडून हरलेच.

मोठी घसरण १९९४ नंतरची, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. पण तेव्हा हाताशी असलेले मनुष्यबळ बऱ्याच अंशी याच करांतून उभे राहिले होते आणि जुलियानी यांचे पोलीस आयुक्त ब्रॅटन यांनी आपल्या पद्धती आधी भुयारी रेल्वेच्या पोलीस दलात राबवल्या होत्या, त्याही १९९०पासून. शिवाय गुन्हे इतर अमेरिकी शहरांतही घटले, तेव्हा दोन्ही महापौरांचा वाटा बेतानेच धरावा. फलाटावरील त्या खुनाच्या खटल्यातील एका आरोपीची शिक्षा २५ वर्षांच्या कैदेनंतर, २०१५मध्ये, न्यायालयाने रद्द केली. मूळ मजकुरात याचा उल्लेखही नाही. — संपादक