बिनरुईच्या कपाशीचं देणं

बुलढाणा जिल्ह्यातल्या पऱ्हाटीचा इतिहास कुणी सांगू लागला की तो आधी खामगावात शिरतो. ते रास्तच आहे. १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते जलंब-खामगाव ही रेल्वेची शाखा सुरू झाली, ती वऱ्हाडातल्या या मोठ्या पेठेतली रुई मुंबईकडे जावी म्हणूनच. पण पऱ्हाटीच्या कुळात एक नातेवाईक असा आहे, की त्याच्या बोंडात वेचायला काही नाही आणि म्हणून त्याला कुठल्याच पेठेने विचारलं नाही.

त्याचं नाव गॉसिपियम हार्कनेसी. मेक्सिकोत बाजा कॅलिफोर्नियाच्या रखरखीत किनाऱ्यावर हे पिवळ्या फुलांचं झुडूप रानोमाळ वाढतं. सरकीवर कातण्याजोगा धागा नाही. १८८९ मध्ये ब्रँडगी या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याची नोंद केली आणि पुढे कित्येक वर्षं ते अभ्यासकांपुरतंच राहिलं.

मग १९७० साली सुरतेत डॉ. सी. टी. पटेल यांनी 'संकर-४' काढला. व्यापारी पातळीवर पेरला गेलेला जगातला पहिला संकरित कापूस. १९८१ मध्ये अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने पीकेव्ही हायब्रीड-२ दिला आणि विदर्भाने तो उचलून धरला. पण संकराचं बियाणं दरवर्षी नव्याने करावं लागतं, आणि कपाशीचं फूल नर-मादी दोन्ही. म्हणजे मादी झाडाची उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची, अंगठ्याचं नख बुडाशी रुतवून पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी सोलून काढायची, आतल्या कोवळ्या बोंडाला ओरखडा पडू द्यायचा नाही, वर रंगीत कागदाची पिशवी चढवायची. सकाळी नराचं फूल आणून त्यावर घासायचं. एका एकरात अशा किती कळ्या! हंगामभर वाकून हे काम करणाऱ्या बहुतेक बायका, आणि पुष्कळदा शाळा बुडवलेल्या मुलीसुद्धा. संकराच्या यशोगाथांत त्यांना एक ओळही मिळत नाही.

इथे हार्कनेसी कामाला आली. अमेरिकेत मिसिसिपीच्या व्हेस्टा मेयर यांनी हार्कनेसीच्या पेशीद्रव्यात अमेरिकन कपाशीचं केंद्रक आणून बसवलं. हार्कनेसीत गुणसूत्रं २६, अमेरिकन कपाशीत ५२, त्यामुळे सरळ संकर वांझच निघतो. ती अडचण ओलांडून पुन्हापुन्हा अमेरिकन कपाशीशीच संकर करत जावं लागतं. पेशीद्रव्य फक्त आईकडून येतं. शेवटी घर हार्कनेसीचं आणि संसार अमेरिकन कपाशीचा, अशी झाडं हाती आली. त्यांच्या फुलात पुंकेसर असतात, पण खुरटलेले, परागाविना. सोलायचं कामच उरलं नाही. पुढच्या पिढीत पराग परत आणणारं जनुकही याच रानटी झाडात सापडलं. एरवी शेतकऱ्याच्या रानात बोंडं लागलीच नसती.

 

अकोल्याने १९९० च्या दशकात हार्कनेसीच्या पेशीद्रव्यावर पीकेव्ही हायब्रीड-३ आणला. तंत्र पक्कं होतं, तरी ते फारसं पसरलं नाही. त्या पेशीद्रव्यामुळे उत्पन्नात थोडी खोट येते, पराग परत आणणारे नर वाणही मोजके, म्हणून जोड्या लावायला वाव कमी. शिवाय कपाशीचा पराग जड आणि चिकट, वाऱ्यावर उडत नाही. कळी सोलणं वाचलं तरी सकाळचं घासणं राहतंच. २००२ मध्ये बोंडअळीरोधक बीटी जनुक आलं आणि कंपन्यांनी ते आपापल्या हातसंकरांतच घातलं. मजुरी स्वस्त असेपर्यंत रानटी झाडाचे उपकार कोण घेणार?

आजही मोताळा असो की मेहकर, दुकानातून घेतलेल्या संकरित सरकीच्या पाकिटामागे बहुतेक वेळा कुणाच्या तरी अंगठ्याचं नखच असतं.