मुक्काम पोस्ट वसई

थायलंडला जायचं म्हटलं की आपल्याकडे समोरच्याच्या चेहऱ्यावर एक ठराविक हसू उमटतं. त्यामुळे मी हल्ली 'अयुथयाला जायचंय' एवढंच सांगतो. मग हसू जातं आणि 'हे कुठे आलं?' असा प्रश्न येतो. तर हे अयुथया म्हणजे सयामची जुनी राजधानी. बँकॉकच्या उत्तरेला साधारण 80 किलोमीटरवर, तीन नद्यांच्या वेढ्यातलं एक बेटच म्हणा ना. नाव आपल्या अयोध्येवरून. 1351 मध्ये वसलं, 1767 मध्ये ब्रह्मी सैन्याने जाळलं, आणि तेव्हापासून विटांचे भग्न स्तूप आणि मुंडकी उडवलेल्या बुद्धमूर्ती असं ते शहर पसरलेलं आहे. मधूनमधून आजचं गावही आहे, शाळा आहेत, बाजार आहे.

बरेचसे लोक बँकॉकहून सकाळच्या गाडीने येतात, झाडाच्या मुळांत अडकलेल्या त्या प्रसिद्ध बुद्धमुखाचा फोटो काढतात आणि संध्याकाळी परत जातात. मला तसं करायचं नाही. तीन रात्री राहायचं आहे. नदीजवळचं लाकडी घर, पाच-सहा खोल्या, भाड्याने सायकल, आणि मुख्य म्हणजे शांतता. पडकी शहरं दुपारी बघण्यात अर्थ नसतो. ती बघावी पहाटे, नाहीतर अंधार पडताना, जेव्हा तिथे आपल्याशिवाय फक्त कुत्री असतात.

अशा जागांची यादी करत बसलो होतो आणि मनात एक उलटा प्रश्न आला. अयुथयाचा कुणी माणूस आमच्या वसईत तीन रात्री शांतपणे राहायचं म्हणाला, तर मी त्याला कुठे पाठवीन?

आली का पंचाईत! स्टेशनजवळची लॉजं आहेत, पण ती पाहुण्याला सांगण्यासारखी नाहीत. किनाऱ्यावर अर्नाळा, राजोडी, कळंब, रानगाव इकडे रिसॉर्टं आहेत. तिथे पोहण्याचा तलाव असतो आणि तलावाच्या काठी स्पीकर असतो. आणि किल्ला? किल्ल्याबद्दल जो तो सांगतो, 'दोन तास पुरे.' साडेचारशे वर्षांहून जुनं, तटाच्या आत शे-सव्वाशे एकर पसरलेलं शहर, आणि दोन तास पुरे.

मग वाटलं, वसईत रात्रीचा मुक्काम कुणी करायचा हा प्रश्न काही आजचा नाही. जुन्या कागदांत तो सारखा भेटतो.

डिसेंबर 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. पुढे 205 वर्षं ती त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाची राजधानी होती. आज आपण 'किल्ला' म्हणतो तो खरं तर तटबंदीचं शहर होतं. त्यात रस्ते, चौक, इस्पितळ, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट अशा निरनिराळ्या पंथांचे मठ, आणि सेंट जोसेफचं कॅथीड्रल, ज्याच्या दर्शनी भिंतीवर 1601 सालचा लेख आहे. आपल्याकडच्या गडांची सवय झालेला माणूस इथे येऊन गोंधळतो, कारण बालेकिल्ला शोधायला जावं तर जिकडेतिकडे चर्चच.

जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर 1670 च्या दशकात इथे येऊन गेला. गॅझेटियरवाल्यांनी त्याचं वर्णन पुढे भरपूर वापरलं आहे. दुमजली घरं, झाकलेले सज्जे, मोठाल्या खिडक्या, आणि त्या खिडक्यांना काचेऐवजी कालवांचे शिंपले. (मला हा तपशील फार आवडतो. शिंपल्यातून गाळून आलेला उजेड कसा दिसत असेल?) पण त्याच वर्णनात एक साधं वाक्य आहे आणि तिथे मी दरवेळी थांबतो. तो म्हणतो की शहरात रात्री फक्त ख्रिस्ती माणसं राहतात. वाणी लोक संध्याकाळचा नगारा झाला की बाहेरच्या वस्तीत निघून जातात.

म्हणजे दिवसभर दुकान आत, हिशेब आत, गिऱ्हाईक आत. आणि दिवेलागणीला नगारा वाजला की उठायचं, कुलूप घालायचं, वेशीबाहेर जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आत. फ्रायर हे तक्रारीच्या सुरात सांगत नाही, की कौतुकानेही नाही. तो नोंद करतो आणि पुढे जातो. वाण्याला काय वाटत असेल ते त्याच्या वहीत नाही, आणि वाण्याच्या वहीत फक्त हिशेब असणार.

अयुथयात नेमकं उलटं होतं, ही गंमत पाहा. तिथे राजा तिथलाच. पोर्तुगीज, डच, जपानी यांना त्याने बेटाच्या बाहेर, दक्षिणेला नदीकाठी वेगवेगळ्या वस्त्या करून दिल्या. (चिनी आणि इराणी व्यापाऱ्यांना आत जागा होती, हेही सांगायला हवं.) पोर्तुगिजांचं ते गाव आजही दाखवतात. तिथल्या डॉमिनिकन चर्चच्या जागी 1984 मध्ये खोदकाम झालं आणि सांगाडे सापडले. तिथे पोर्तुगीज हा तटाबाहेर राहणारा पाहुणा, आणि इथे त्याच पोर्तुगिजाने ठरवायचं की वसईच्या माणसाने रात्री कुठे झोपावं. काळ एकच, माणसं तीच, मधे फक्त समुद्र.

1695 मध्ये वसईत आलेला जेमेल्ली कारेरी हा फ्रायरहून रंगेल माणूस. इटलीतला कायद्याचा पदवीधर, जगप्रवासाला निघालेला. त्या काळी असा प्रवास कसा करायचा? गेस्टहाऊस वगैरे भानगड नाही. पुढच्या गावच्या मठाला द्यायला चिठ्ठी घ्यायची, तिथे उतरायचं, तिथून पुढची चिठ्ठी. आपल्याकडे पूर्वी नातेवाइकांचे पत्ते घेऊन मुंबईला यायचे तसंच की!

तर हा वसईत उतरला आणि गावाला कळलं की हा वकील आहे. वसईत धड वकील नव्हता. लगेच त्याला गळ घालण्यात आली. इथेच राहा, श्रीमंत घरची मुलगी बघून देतो, 20,000 नाण्यांचा हुंडा, शिवाय मठांची आणि बड्या घरांची वकिली, वर्षाला 600 नाणी ठरलेली. कारेरीने सांगितलं की एक लाख दिलेत तरी मी युरोप कायमचा सोडणार नाही. हवा उष्ण होती हे एक कारण. दुसरं कारण त्याच्याच वर्णनात आहे. शहराचा उत्तरेकडचा तिसरा हिस्सा साथीच्या रोगाने ओस पडला होता. चव्वेचाळीस वर्षांनी चिमाजी अप्पा जे शहर घेणार होते ते आधीच आतून पोकळ होत चाललं होतं.

पण कारेरीने आणखी एक गोष्ट लिहिली आहे आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडलं. शहराबाहेर 'कसाबो' नावाचा पंधरा मैलांचा पट्टा आहे, तो म्हणतो, नुसत्या बागाच बागा, फळझाडं, ऊस. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे सगळे शेतकरी तिथे राहतात आणि यंत्राने पाणी काढून शेतं बारमाही हिरवी ठेवतात. शहरातले बडे लोक उन्हाळ्यात आणि साथीच्या दिवसांत या कसाब्यातल्या आपापल्या घरी राहायला येतात.

आलं ना लक्षात? ही आमची वाडी! यंत्र म्हणजे रहाट. कसबा ते सोपारा, आगाशीपर्यंतचा तो केळी-पानवेलींचा, फुलांचा पट्टा. ज्यांनी नगारा वाजवून इतरांना बाहेर काढलं, तेच जीव वाचवायला आणि गार झोप घ्यायला त्या बाहेरच्या लोकांच्या शेजारी येत होते.

पुढचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे, म्हणून भराभर सांगतो. 1739 चा वेढा, सुरुंग, तटाला पडलेली खिंडारं. ग्रँट डफ मराठ्यांकडचे मेलेले आणि जखमी मिळून पाच हजारांवर सांगतो. मे महिन्यात शहर शरण आलं. पोर्तुगिजांना बायकामुलं आणि सामान घेऊन निघायला आठ दिवसांची मुदत दिली गेली, आणि तो शब्द पाळला गेला. या आठ दिवसांवर कुणी कादंबरी का लिहिली नाही कोण जाणे. दोनशे वर्षांचं घर आठ दिवसांत आवरायचं! चर्चच्या घंटा मात्र इथून गेल्या त्या देवळांत. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला त्या आजही बघता येतात.

1780 च्या डिसेंबरात इंग्रजांनी वसई घेतली, सालबाईच्या तहाने 1782 मध्ये परत दिली. आणि मग इथल्या मुक्कामांतला सगळ्यात केविलवाणा मुक्काम. ऑक्टोबर 1802 मध्ये पुण्याजवळ हडपसरला यशवंतराव होळकरांनी बाजीरावाच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. दुसरा बाजीराव कोकणात पळाला आणि तिथून इंग्रजांच्या जहाजाने डिसेंबरात वसईला आला. काकाआजोबांनी, म्हणजे चिमाजी अप्पांच्या फौजेने रक्त सांडून घेतलेल्या शहरात पेशवा इंग्रजांचा पाहुणा म्हणून उतरला. 31 डिसेंबरला तह झाला. सहा हजारांची इंग्रजी पायदळ फौज पदरी बाळगायची आणि तिच्या खर्चापोटी 26 लाख उत्पन्नाचा मुलूख द्यायचा. एप्रिल 1803 पर्यंत तो इथेच होता. म्हणजे चार महिने. वसईतल्या पाहुण्याला राहण्याचं इतकं महाग बिल ना आधी आलं ना नंतर.

इंग्रजी अमलात किल्ला रिकामाच पडला. मधे आत ऊस लावून साखर काढण्याचे प्रयोग झाले, तेही संपले. आता तो पुरातत्त्व खात्याकडे आहे. भिंतींवर वड-पिंपळ चढलेत, चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरांच्या थडग्यांच्या फरशा आहेत. (आत रात्री मुक्कामाला आता तेवढेच.) दिवसा लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी येतात, एकाच कमानीखाली रांग लावतात. आणि तटाला लागून किल्लाबंदर, पाचूबंदरचे कोळीवाडे आहेत. तिथे बोटी आहेत, सुकत घातलेली मासळी आहे, पोरांचा गलका आहे. आतलं शहर गेलं. बाहेरची वस्ती राहिली.

म्हणून अयुथयाच्या त्या काल्पनिक पाहुण्याला मी वाडीत ठेवीन. कौलारू घर, पुढे पडवी, मागे विहीर, पलीकडे बावखल. बावखल म्हणजे आमच्याकडची गोड्या पाण्याची तळी. ती पावसाचं पाणी धरून ठेवतात आणि वाडीच्या विहिरी जिवंत ठेवतात. समुद्र एवढा जवळ असून इथली जमीन गोड का, याचं अर्धं उत्तर बावखलात आहे. नव्वदच्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने ज्यासाठी लढा दिला ते हेच सगळं. तरीही कितीतरी बावखलं बुजली. घरंही जातायत. मुलं परदेशी, म्हातारी दोन माणसं, मोठं घर, वर्षाआड कौलं चाळायची कोण? मग बिल्डर येतो. त्याला दोष देणं सोपं आहे, पण रिकाम्या खोल्यांचा खर्च त्या म्हातारीने कशातून भागवायचा हे कुणी सांगत नाही. पर्यटन महामंडळाची निवास-न्याहारी योजना आहे, तिच्यात घरच्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देता येतात. कोकणात लोकांनी असं करून घरं टिकवली. अयुथयातली ती लाकडी घरं तरी आणखी काय आहेत?

आमच्या एका नातेवाईक बाईंना हे सुचवलं तर त्या म्हणाल्या, "अरे, पैसे घेऊन पाव्हण्याला जेवायला घालायचं? लोक काय म्हणतील?" त्यांच्या घरात गेल्या वर्षभरात न उघडलेल्या तीन खोल्या आहेत. त्यांना कारेरीच्या कसाब्याची गोष्ट सांगितली. त्यावर, "ते लोक भाडं देत होते का?" असं त्यांनी विचारलं. याला उत्तर नव्हतं.

असो. कुणी ओळखीने आलंच, तर माझी योजना तयार आहे. शनिवार-रविवार टाळा. लोकलने येऊ नका. 2024 पासून भाईंदरहून रो-रो बोट सुरू झाली आहे, तिने या, म्हणजे तट आधी पाण्यातून दिसेल, जसा तो कारेरीला दिसला असेल. दुपारी झोपा. साडेपाचला किल्ल्यात शिरा, कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर शेवटचं ऊन असतं, आणि अंधार पडायच्या आत वाण्यासारखे बाहेर पडा. जेवायला बोंबील मिळतील. सकाळी न्याहारीला सुकेळी मागा, राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात ती. घरात असली तर नक्की देतील, पण ती करायला वेळ फार लागतो, म्हणून दोनच्या वर मागू नका. मच्छरदाणी मी आणून ठेवीन.