ब्रिक लेनची बिनमूर्तीची वास्तू

पूर्व लंडनमध्ये ब्रिक लेन आणि फोर्नियर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आज जामे मशीद आहे. तिच्या भिंतीवर उंच एक सूर्यघड्याळ आहे आणि त्यावर साल कोरलंय १७४३. (लंडनच्या आभाळाखाली सूर्यघड्याळ बसवायचं म्हणजे श्रद्धा जबरच हवी!)

ही वास्तू प्रार्थनागृह म्हणून बांधली आणि ते घड्याळ बसवलं फ्रेंच ह्युगनोंनी. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८५ साली प्रॉटेस्टंटांना उपासनेची मोकळीक देणारा नान्तचा जाहीरनामा रद्द केला, तेव्हा देशोधडीला लागलेले हे प्रॉटेस्टंट. त्यांच्यातले रेशीम विणणारे इथे, स्पिटलफील्ड्समध्ये, स्थिरावले. हाती पैसा आला तरी देवघरात डामडौल त्यांना चालत नसे. मूर्ती नाही, चित्र नाही. प्रवचन ऐकू येईल असं विटांचं प्रशस्त दालन, उजेडासाठी कमानदार खिडक्या आणि जास्त माणसं मावावीत म्हणून वर सज्जे.

पुढच्या पिढ्या इंग्रजीत मुरल्या आणि फ्रेंच प्रवचनाला श्रोते उरले नाहीत. १८०९ साली ज्यूंना ख्रिस्ती करायला निघालेली एक संस्था इथे आली. ज्यू काही बधले नाहीत. १८१९ मध्ये जागा मेथॉडिस्टांकडे गेली.

परक्या छपराखाली बस्तान मांडणं मेथॉडिस्टांना नवं नव्हतं. चर्चची दारं बंद झाल्यावर त्यांच्या पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली माळरानावर खाणकामगारांपुढे बोलू लागला. लंडनमधला त्याचा पहिला मोठा तळ म्हणजे तोफा ओतण्याचा पडका कारखाना. १७४३ मध्येच, म्हणजे ब्रिक लेनची ही वास्तू उभी राहिली त्याच साली, त्याने वेस्ट स्ट्रीटवरचं ह्युगनोंचं जुनं चॅपेल भाड्याने घेतलं होतं. ब्रिक लेनला त्याच्या अनुयायांना फारसं काही पाडायची गरज नव्हती. त्यांच्याकडेही प्रवचनालाच मान. जवळजवळ ८० वर्षं ते इथे राहिले.

दरम्यान रशियन साम्राज्यातल्या दंगलींमुळे ज्यूंचे लोंढे या गल्ल्यांत आले. १८९८ मध्ये इथे माखझिके हदास सिनेगॉग सुरू झालं. जिथे ज्यूंना बाटवायचे बेत शिजले, तिथेच कर्मठ ज्यू प्रार्थनेला बसले. बायकांची बसण्याची जागा वेगळी लागे. तिच्यासाठी सज्जे तयारच होते. सुबत्ता येताच तेही उत्तर लंडनकडे सरकले आणि १९७६ मध्ये सिल्हेटकडच्या बांगलादेशींनी इथे मशीद केली.

मला वाटतं, ह्युगनोंनी जे जे टाळलं तेच वास्तूच्या पथ्यावर पडलं. कोणाचे संत उतरवायचे नव्हते की रंगीत काचा फोडायच्या नव्हत्या. २००९ मध्ये बाजूला मनोऱ्यासारखा स्टीलचा उंच खांब उभा राहिला. बाहेरून डोळ्यांत भरणारा बदल तेवढाच.