जुन्या गलबताचा नवा धनी

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांस नाव म्हटली म्हणजे वैनगंगेवरचा वा प्राणहितेवरचा डोंगा आठवतो. शिडाची गलबते समुद्राकाठची. तथापि त्या गलबतांना दीर्घायुष्य देणाऱ्या सागाशी आमचे नाते जुने आहे. आलापल्लीचे सागवन २०१४ साली जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाले. सागाच्या अंगी तेल असल्याने त्याला कीड सहसा लागत नाही आणि त्यात ठोकलेले लोखंडही ओकच्या लाकडातल्यासारखे गंजत नाही. पण लाकूड टिकले म्हणून नाव टिकतेच असे नाही. तिला धनी लागतो.

सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधली. याच घराण्यातील जमशेटजी बमनजी यांनी मलबारच्या सागातून 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका घडविली. युरोपातील युद्धांमुळे इंग्लंडात ओकचा तुटवडा पडला होता. नौकेचे आराखडे घेऊन निघालेले 'जावा' हे जहाज १८१२ साली अमेरिकनांशी झालेल्या लढाईत गमावले. नवे आराखडे मागवावे लागले. पारशी रिवाजाप्रमाणे नौकेच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकण्यात आला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली.

वाफेची जहाजे आली, तशी शिडांची गरज सरली. १८९७ साली 'त्रिंकोमाली' मोडीत विकली गेली. त्याच वर्षी जॉफ्री व्हीटली कॉब यांचे 'फुद्रॉयां' हे जहाज वादळात फुटले होते. मुलांना दर्यावर्दी शिक्षण देण्यासाठी त्यांना दुसरे जहाज हवे होते. त्यांनी मोडीतली नौका विकत घेऊन तिला जुन्या जहाजाचेच नाव दिले. कॉब १९३१ साली निवर्तले, तरी तिच्यावरील शिक्षणकार्य १९८६ पर्यंत चालू राहिले. पुढे हार्टलपूल येथे तिचा जीर्णोद्धार झाला, मूळ नाव परत मिळाले, आणि आज ती पाण्यावर तरंगणारी सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका आहे.

'इम्प्लॅकेबल'च्या नशिबी मात्र हे आले नाही. १८०५ साली फ्रेंचांकडून जिंकलेली ही ओकची नौका कॉब यांनीच १९१२ साली सांभाळावयास घेतली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्या दुरुस्तीचा भार उचलणारा कोणी मिळेना. २ डिसेंबर १९४९ रोजी ब्रिटिश व फ्रेंच असे दोन्ही ध्वज फडकत असतानाच ती समुद्रात बुडविण्यात आली.

दोन्ही नौकांना इतिहास होता, मान होता. उणे पडला तो धनी. आमच्या घरांतही आजोबांचा डोंगा, बंडी, सागवानी पेटारा पडून असतो. मुले शहरात स्थिरावलेली असतात, आणि भंगारवाला भाव सांगून जातो. अशा वेळी अधिक पैसे कोण देईल, हे पाहण्याआधी ही वस्तू कोणाच्या हाती पुन्हा राबेल, हे पाहावे असे आम्हांस वाटते. कॉब यांनी नौका जपली ती केवळ शोभेसाठी नव्हे. मुलांना त्यांनी तिच्यावर कामास लावले. नाव वाचली ती त्यामुळे.