अँटवर्प 1920 : बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि परक्या झेंड्याखालची मॅरेथॉन

22 ऑगस्ट 1920. बेल्जियममधील अँटवर्प शहर. पहिले महायुद्ध संपून दोन वर्षेही झालेली नाहीत. पराभूत जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया आणि तुर्कस्तान यांना या ऑलिंपिकचे निमंत्रणच नाही. मॅरेथॉनच्या प्रारंभरेषेवर 48 धावपटू उभे आहेत आणि त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले व त्यांचे सहकारी सदाशिव दातार आहेत.

हे दोघे तिथे पोहोचले कसे, याचे उत्तर पुण्यात सापडते.

1906 साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा होते. जिमखान्याच्या 1919 च्या स्पर्धांत त्यांनी शेतकरी घरांतील तरुणांना खडीच्या रस्त्यावरून अनवाणी धावताना पाहिले. या मुलांना युरोपीय नियम ठाऊक नव्हते, शास्त्रशुद्ध सराव नव्हता आणि आहारही बेताचाच होता. तरीही लांब पल्ल्याच्या शर्यतीत त्यांनी नोंदवलेल्या वेळा युरोपातील वेळांच्या तुलनेत कमी पडत नव्हत्या. पुढे 1929 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांना लिहिलेल्या पत्रात टाटांनी हा प्रसंग सविस्तर सांगितला आहे. मुंबई प्रांताच्या गव्हर्नरांशी बोलून त्यांनी ऑलिंपिकचे दार उघडून घेतले, पुण्यात निवड चाचणी झाली आणि खर्चाचा मोठा भार टाटांनी स्वतः उचलला. भारताचा पहिला ऑलिंपिक संघ उभा राहिला तो असा, कोणत्याही राष्ट्रीय संघटनेवाचून. भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन व्हायला 1927 साल उजाडावे लागले.

काळही साधा नव्हता. लोकमान्य टिळकांनी 1916 मध्ये होमरूल लीगची स्थापना केली ती बेळगावातच. 1 ऑगस्ट 1920 रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले आणि त्याच दिवशी असहकाराचे आंदोलन सुरू झाले. त्यानंतर अवघ्या 21 दिवसांनी बेळगावचा एक तरुण ब्रिटिश साम्राज्याच्या झेंड्याखाली धावणार होता.

अँटवर्पचा मार्ग 42.75 किलोमीटरचा होता. ऑलिंपिकच्या इतिहासात याहून लांब मॅरेथॉन झालेली नाही. उल्हासनगर कॅम्प 5 च्या शेजारच्या अंबरनाथहून लोकलने कर्जत गाठणारा प्रवासी सुमारे 40 किलोमीटर अंतर कापतो. चौगुले यांना त्याहूनही अधिक अंतर पायी धावायचे होते.

आघाडीवर फिनलंडचे हानेस कोलेमाइनेन आणि दक्षिण आफ्रिकेचे ख्रिस्तियान गिटशॅम यांची जुंपली होती. उत्तरार्धात गिटशॅम मागे पडले आणि अखेर त्यांनी शर्यत सोडली. कोलेमाइनेन 2 तास 32 मिनिटे 35.8 सेकंदांत पोहोचले. एस्टोनियाचे युरी लॉसमान त्यांच्या मागे केवळ 12.8 सेकंदांनी होते. तिसरे आलेले इटलीचे व्हालेरिओ आर्री यांनी तर अंतिम रेषा ओलांडल्यावर आनंदाने कोलांट्या मारल्या!

या निकालाकडे झेंड्याच्या अंगाने पाहिले पाहिजे. 1912 साली स्टॉकहोममध्ये कोलेमाइनेन यांनी तीन सुवर्णपदके मिळवली, तेव्हा फिनलंड रशियन झारच्या अमलाखाली होता आणि त्यांच्या विजयानंतर वर चढला तो रशियाचा झेंडा. 1920 मध्ये ते स्वतंत्र फिनलंडसाठी धावले. एस्टोनिया तर स्वतंत्र देश म्हणून प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरला होता. म्हणजे पहिल्या दोन्ही क्रमांकांवर कालपर्यंत एका साम्राज्याची प्रजा असलेली माणसे होती. चौगुले मात्र अजूनही प्रजाच होते.

दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. चौगुले 2 तास 50 मिनिटे 45.4 सेकंदांत पोहोचले. शर्यत पूर्ण करणाऱ्या 35 जणांत त्यांचा क्रमांक 19 वा. दर किलोमीटरला चार मिनिटांहून किंचित कमी, असा त्यांचा वेग पडतो. आजच्या 42.195 किलोमीटरच्या हिशेबाने ही वेळ 2 तास 48 मिनिटांच्या आसपास येते. हौशी मॅरेथॉन धावणाऱ्या कोणालाही विचारावे, या आकड्याचे मोल तो सांगेल. विजेत्यापासून ते 18 मिनिटे 9.6 सेकंद मागे राहिले. गंमत अशी की, 1924 मध्ये शामोनीच्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावरील 10,000 मीटरची स्केटिंग शर्यत फिनलंडच्याच युलियस स्कुटनाब यांनी जवळपास तेवढ्याच वेळात, 18 मिनिटे 4.8 सेकंदांत, जिंकली. हिवाळ्यात तळी गोठणाऱ्या त्या चिमुकल्या देशाने पल्ल्याच्या दोन्ही शर्यतींवर आपली मोहोर उमटवली.

मात्र चौगुले यांची खरी तुलना फिनलंडशी नव्हे, जपानशी करायला हवी. त्याच मॅरेथॉनमध्ये जपानचे शिझो कानाकुरी 16 वे आले, म्हणजे चौगुले यांच्या फक्त तीन क्रमांक पुढे. हेच कानाकुरी 1912 मध्ये स्टॉकहोमच्या उन्हाने हैराण होऊन अर्ध्या वाटेवरूनच दिसेनासे झाले होते. पण 1920 सालीच त्यांच्या पुढाकाराने हाकोने एकिडेन ही विद्यापीठांची सांघिक रस्ताशर्यत सुरू झाली, ती आजही जपानमध्ये दरवर्षी कोट्यवधी लोक दूरचित्रवाणीवर पाहतात. कानाकुरी ‘जपानी मॅरेथॉनचे जनक’ ठरले, त्यांच्या जीवनावर 2019 मध्ये दूरचित्रवाणी मालिका आली. चौगुले यांचे नाव मात्र निकालपत्रकांच्या बाहेर फारसे आलेच नाही. दोघांतील अंतर क्रमांकाचे नव्हतेच. एकाच्या मागे त्याचा देश आणि त्याची विद्यापीठे उभी होती, दुसऱ्याच्या मागे एक जिमखाना आणि एक उद्योगपती.

स्वतंत्र भारताचे सुरतसिंग माथूर यांनी 1952 मध्ये हेलसिंकीची मॅरेथॉन पूर्ण केली आणि ऑलिंपिक मॅरेथॉन पूर्ण करणारे पहिले भारतीय म्हणून त्यांचाच उल्लेख अनेकदा होतो. त्यांचा क्रमांक 52 वा होता. चौगुले यांच्या 19 व्या क्रमांकाहून वरचे स्थान भारताला मिळाले ते 1976 मध्ये, मॉन्ट्रियलला शिवनाथ सिंग 11 वे आले तेव्हा. तोवर 56 वर्षे उलटली होती.