कांद्याच्या भावाची सरासरी रेघ मागं का राहते?

बाजार समितीच्या पत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. हा सर्वसाधारण दर फक्त त्या एका दिवसाचा. मोबाईलवरच्या आलेखात भावाच्या मागं-मागं फिरणारी रेघ वेगळी. ती बऱ्याच दिवसांची सरासरी असते, आणि ती काढायच्या दोन रीती आहेत.

एक मूव्हिंग ॲव्हरेज, म्हणजे चलती सरासरी. शेवटच्या पाच लिलावांच्या भावांची बेरीज करून पाचनं भागायचं. नवा भाव आला की सर्वांत जुना बाहेर.

दुसरी एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग. नाव अवघड, हिशोब सोपा. आजच्या भावातून कालची सरासरी वजा करा, उरेल त्याचा तिसरा हिस्सा कालच्या सरासरीत मिळवा. आजचा भाव कमी असेल तर तेवढा हिस्सा वजा करा. इथं जुना भाव एकदम बाहेर जात नाही, त्याचं वजन रोज घटत जातं.

समजा, कांदा बरेच दिवस १००० रुपये क्विंटल होता, तो १५०० झाला आणि तिथंच टिकला. चलती सरासरी ११००, १२००, १३००, १४०० करत पाचव्या लिलावाला १५०० गाठते. दुसरी ११६७, १२७८, १३५२, १४०१, १४३४ अशी जाते. म्हणजे आधी पळते, मग रेंगाळते.

आता १५०० भाव एकच दिवस निघाला आणि परत १००० झाला, तर? चलती सरासरी पाच लिलाव ११०० दाखवते आणि सहाव्याला धपकन १००० वर येते. त्या दिवशी बाजारात काहीच झालेलं नसतं, फक्त जुना भाव यादीतून गळालेला असतो. ती घसरण बघून घाईनं चाळ फोडणारे आहेत. दुसऱ्या रीतीत असा खड्डा पडत नाही, ती ११६७ वरून हळूहळू उतरते.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं निर्यातबंदी लावली आणि भाव कोसळले. अशा वेळी दोन्ही रेघा काही दिवस जुनाच, चढा भाव सांगत राहतात.

शिवार सौद्यात व्यापारी 'पाच दिवसांच्या सरासरीनं घेतो' म्हणाला, तर आधी बाजार चढता की उतरता ते बघा. भाव रोज ५० रुपयांनी चढत असेल तर ही सरासरी आजच्या भावाच्या १०० रुपये मागं असते. ४० क्विंटलला ४००० रुपये गेले. तिसऱ्या हिश्शाच्या रीतीतही, तेजी काही दिवस चालली की फरक जवळपास तेवढाच पडतो. उतरत्या बाजारात मात्र हाच सौदा आपल्या फायद्याचा.