हुद्द्याचें नांव आणि हुद्द्याचें काम

मुंबईच्या एका परदेशी बँकेंत नोकरीस असलेला आमचा एक जुना विद्यार्थी गेल्या दिवाळीस आष्टीस आला, तेव्हां तो ‘व्हाइस प्रेसिडेंट’ झाल्याचें कळून गांवांत मोठा आनंद झाला. अध्यक्षाखालोखाल हाच, असा लोकांचा सहज ग्रह झाला. आणि दोन शेतकरी तगाद्याचे कागद घेऊन त्याच्या दारीं आले. कर्ज दुसऱ्याच बँकेचें होतें. पण उपाध्यक्षाच्या शब्दाला सर्वत्र वजन असणारच, असा त्यांचा हिशेब. आपल्या बँकेंत असे उपाध्यक्ष शेंकड्यांनीं आहेत आणि एका रुपयाची सूट देणेंहि आपल्या हातीं नाहीं, हें त्यानें परोपरीनें सांगितलें. त्यांस तें खरें वाटलें नाहीं. मनांत नाहीं म्हणून हा टाळतो, असें म्हणून ते उठून गेले.

ह्या शेतकऱ्यांस आम्ही हंसणार नाहीं. हुद्द्यांच्या नांवांनीं ह्या मुलखाला पूर्वींहि चकविलें आहे. आष्टी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होती. त्या राज्यांत एके काळीं ‘तालुकदार’ म्हणजे वसुलाचा मक्तेदार. सरकारांत ठरीव रक्कम भरावी आणि रयतेकडून तिच्याहून किती अधिक निघेल तें पाहावें, हा त्याचा धंदा. पहिला सालारजंग १८५३ त दिवाण झाला. त्यानें ही मक्तेदारी मोडीत काढली. १८६५ त जिल्हाबंदी झाली आणि जिल्ह्याच्या पगारी अधिकाऱ्यास नांव मिळालें ‘अव्वल तालुकदार’! नांव तेंच, काम उलट. ज्या नांवाच्या धाकानें आजानें धान्य पेवांत दडविलें असेल, त्याच नांवाकडे नातवानें दाद मागावयाची. त्यांतहि गंमत अशी कीं, हा तालुकदार तालुक्याचा नव्हेच, तालुक्यावर तहसीलदार. पलीकडे इंग्रजी अंमलांतल्या जामखेडास तेंच काम करणारा मामलेदार. आणि अवधांत तालुकदार म्हणजे बडा जमीनदार.

आष्टीहून फार दूर नसलेल्या खर्ड्यास १७९५ च्या मार्चांत निजामाचा पराभव झाला. (१८१८ त बापू गोखले पडले ती आष्टी सोलापूरकडची, हें पाहुण्यांस सांगतां सांगतां आम्ही थकलों आहों.) खर्ड्याच्या मसलतीचे सूत्रधार बाळाजी जनार्दन भानु, हुद्दा मात्र फडणिसाचा. फडणीस म्हणजे हिशेबाचे फर्द लिहिणारा, मुजुमदाराच्या खालचा कामगार. कोणी हा शब्द ‘फड’ ह्यापासून आणतात. आम्हांस फारसी ‘फर्दनवीस’ अधिक पटतो. साताऱ्यास छत्रपति, पुण्यास पेशवे, आणि राज्य चालविणार हिशेबनीस, अशी ती उतरंड होती. तथापि ही नानांपुरती गोष्ट झाली. एरव्हीं मराठी दफ्तरांत मुजुमदार, फडणीस, पोतनीस, कारखानीस हे दरकदार आपापल्या कामाशीं पक्के बांधलेले असत. हुद्दा सांगितला म्हणजे कोणता कागद कोणाच्या हाताखालून जाणार, तें कळे. पोतनिसाकडे रोकड, मुजुमदाराकडे तपासणी. एकानें दुसऱ्याचें काम करावयाचें नाहीं, आणि चोरी अवघड व्हावी हाच त्यांतला हेतु.

आजच्या मोठ्या बँकांचा हेतु निराळा आहे. न्यूयॉर्क-लंडनकडील गुंतवणुकीच्या बँकांत अॅनालिस्ट, असोसिएट, व्हाइस प्रेसिडेंट, डायरेक्टर, मॅनेजिंग डायरेक्टर अशी चढण असते. म्हणजे आमचा विद्यार्थी मधल्या पायरीवर. तेथला डायरेक्टरहि बहुधा संचालकमंडळांत नसतो. आपण कोणा वरिष्ठाशीं बोललों, असें गिऱ्हाइकास वाटावें, म्हणून हीं नांवें सढळ हातानें वांटतात. शिवाय पगार वाढविण्यापेक्षां नांव वाढविणें स्वस्त पडतें. मुंबईंतल्या गिऱ्हाइकास हें ठाऊक असतें. आष्टीच्या कर्जदारास तें कोणी सांगितलेलें नसतें, आणि चुकीच्या दारीं घालविलेल्या दिवसांचें व्याज त्याच्याच खात्यावर चढतें.

त्या दोघांचे कागद आम्हीं मागाहून पाहिले. खालीं सही होती ती शाखेंतल्या कर्जाच्या अधिकाऱ्याची. मुदतवाढीचा अर्ज आम्हीं त्याच्याच नांवें लिहून दिला.